इंटरॉगेट : चौकशी, उलटतपासणी की पुसणं?

माहेर_काटोल

नमस्कार मंडळी. प्रश्न एका शब्दाचा आहे, पण तो दवाखान्यातून आला.

माझे बाबा ७४ वर्षांचे. पोलीस खात्यातून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी त्यांना पेसमेकर बसवला. परवा त्याच्या तपासणीसाठी नागपूरला रामदासपेठेत गेलो होतो. तिथल्या टेक्निशियन मुलीनं बाबांच्या डाव्या खांद्याखाली, जिथे पेसमेकरचा उंचवटा हाताला लागतो तिथे, कॉम्प्युटरच्या माऊसएवढं एक यंत्र ठेवलं. त्याची वायर एका पेटीला जोडलेली होती. थोड्या वेळानं पेटीतून लांब कागद निघाला. त्यावर बॅटरी किती उरली, वायरचा रोध किती ओहम, शंभरातले किती ठोके मशीननं दिले, सगळं लिहिलेलं. आणि वर मथळा : 'डिव्हाइस इंटरॉगेशन रिपोर्ट'.

बाबांनी चष्मा लावून तो मथळा वाचला आणि गप्प झाले. वर्धा रोडला लागल्यावर म्हणाले, "इंटरॉगेशन तं आरोपीचं होते. माह्या छातीतल्या मशीननं काय गुन्हा केला?" ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच वाटलं की मशीनवर काही संशय आहे आणि आपण ते त्यांच्यापासून लपवतोय.

घरी आल्यावर मी सांगितलं, इंटरॉगेशन म्हणजे चौकशी, माहिती घेणं. त्यांनी मान हलवली. "चौकशी वेगळी अन् इंटरॉगेशन वेगळं. मी दोन्ही पाह्यलेत."

फरक काय ते मात्र त्यांना सांगता येईना, आणि मलाही. मी रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांचे मराठी अनुवाद करते, त्यामुळे हा शब्द आज ना उद्या माझ्या टेबलावर येणारच आहे. या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो पोलिसांकडे कसा गेला, आणि पेशंटच्या हातात जाणाऱ्या कागदावर मराठीत काय लिहावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

जुनी_वही

माहेरताई, वडिलांना नमस्कार सांगा. त्यांचा कान फार चांगला आहे.

शब्द लॅटिन आहे. 'इंटर' म्हणजे मध्ये, 'रोगारे' म्हणजे विचारणे. यातलं रोगारे हे नुसतं घरगुती विचारणं नव्हतं. रोममध्ये नवा कायदा करायचा तर अधिकारी तो लोकांपुढे प्रश्न म्हणून मांडायचा : तुमची अशी इच्छा आहे का, तुमची अशी आज्ञा आहे का? त्या प्रस्तावालाच 'रोगातिओ' म्हणत. मत देणारा होकार द्यायचा तो 'उति रोगास' म्हणून, म्हणजे 'तू विचारतोस तसं होवो'. म्हणजे विचारणारा अधिकारी असला तरी उत्तराची ताकद लोकांकडे होती. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आज आपण हा शब्द ऐकतो तेव्हा सगळी ताकद विचारणाऱ्याकडे गेलेली असते.

या एका धातूचं कुटुंब केवढं आहे बघा. कायदा परत घेणं ते ॲब्रोगेट. ज्या गटाला सगळ्यांत आधी मत विचारलं जाई तो प्रेरोगातिव्हा, त्यावरून प्रेरॉगेटिव्ह म्हणजे विशेषाधिकार. एकाच्या जागी दुसरा निवडून घेणं, त्यावरून सरोगेट. जे आपलं नाही ते स्वतःकडे मागून घेणारा तो ॲरोगंट. आणि आपल्या नागपूरकरांचा रोजच्या बातमीतला एक आहे, तो सांगायचा मोह आवरत नाही : प्रोरोग.

१९५३च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात विधिमंडळ आपल्याकडे येतं. अधिवेशन संपलं की ते संस्थगित झाल्याचा राज्यपालांचा संदेश वाचून दाखवतात. संस्थगित करणं म्हणजेच प्रोरोग करणं. राज्यघटनेच्या कलम १७४मध्ये हाच शब्द आहे. मूळ लॅटिनमध्ये 'प्रोरोगारे' म्हणजे एखाद्याची मुदत पुढे वाढवून मागणं. शब्द वाढवण्यासाठी जन्मला आणि आता सत्र संपवण्याच्या कामाला लागला. सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनात प्रश्नोत्तराचा तास आणि प्रोरोगेशन एकाच छपराखाली नांदतात, आणि दोन्हींच्या मुळाशी विचारणंच आहे.

बर्डीवाला_८२

सर, छान माहिती. मला वाटतं सरळ 'उलटतपासणी' लिहावं. इंटरॉगेट म्हणजे उलटसुलट प्रश्न विचारून खरं काढणं, तेच ना?

वकील_सिव्हिललाइन्स

नाही भाऊ, तिथे गल्लत होते आहे. उलटतपासणी हा कोर्टातला नेमका शब्द आहे. साक्षीदार ज्या बाजूनं आणला, त्या बाजूचा वकील आधी त्याला विचारतो, ती सरतपासणी. मग विरुद्ध बाजूचा वकील विचारतो, ती उलटतपासणी, म्हणजे आम्ही दिवसभर ज्याला 'क्रॉस' म्हणतो ती. त्यानंतर गरज पडली तर फेरतपासणी. सरतपासणीत सूचक प्रश्न, म्हणजे ज्याच्या पोटातच उत्तर आहे असा प्रश्न, समोरच्यानं हरकत घेतली तर सहसा विचारता येत नाही. क्रॉसमध्ये येतो. "त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं?" हा सरतपासणीचा प्रश्न. "त्या दिवशी लाइट गेलेले होते, बरोबर?" हा क्रॉसचा. १८७२चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण ही चौकट तीच राहिली.

हे सगळं न्यायाधीशासमोर, उघड्या कोर्टात होतं. समोरच्याचा वकील हजर असतो, शब्द न् शब्द टाइप होतो. इंटरॉगेशनमध्ये यातलं काही नसतं. खोली बंद असते आणि विचारणारा पोलीस असतो. बाबांनी जो फरक ओळखला तो इथे आहे.

गंमत अशी की पोलीस साक्षीदाराला विचारतात तेव्हा कायदा 'एक्झामिन' हा मवाळ शब्द वापरतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६१, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८०. पण त्याच संहितेच्या कलम ३८मध्ये, अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क दिलाय, तिथे शब्द बदलतो : इंटरॉगेशनच्या दरम्यान भेटता येईल, मात्र पूर्ण वेळ नाही. साक्षीदाराला एक शब्द, अटकेतल्या माणसाला दुसरा. म्हणून हवालदारसाहेबांचं बरोबर आहे. हा शब्द त्यांनी आरोपीबरोबरच ऐकलेला आहे.

आणि भीती का वाटते त्याचं उत्तर कायद्यातच आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे. राज्यघटनेच्या कलम २०(३)प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. बंद खोलीतल्या विचारण्यावर विसंबता येत नाही, हे या नियमांनी फार आधी ओळखलं होतं.

दिवाणी बाजूला याच कुळातला एक शांत शब्द आहे, इंटरॉगेटरीज. एका पक्षानं दुसऱ्याला कोर्टाच्या परवानगीनं पाठवलेले लेखी प्रश्न. त्यांची उत्तरं १० दिवसांत प्रतिज्ञापत्रावर द्यायची असतात. तिथे कोणी कोणाला घाबरवत नाही.

माहेर_काटोल

वकीलसाहेब, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. 'एकशे एकसष्टचा जबाब' म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "त्याच्यावर सही नसते घेत." इतक्या वर्षांनीही त्यांना हे पाठ आहे.

वकील_सिव्हिललाइन्स

अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. साक्षीदारानं पोलिसांना दिलेला जबाब लिहून घेतला तरी त्यावर त्याची सही घ्यायची नसते.

सक्करदरा_संध्या

मी सहसा इथे लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी अपघात झाला. माझ्या आईनं तो पाहिला, गाडीवरून पडलेल्या मुलाला पाणी पाजलं. चार दिवसांनी घरी कागद आला, 'चौकशीकामी पोलीस ठाण्यात हजर राहावे'. आई ६८ वर्षांची आहे. ती त्या रात्री झोपली नाही. "माझी चौकशी कशाला? मी काय केलं?" एवढंच म्हणत राहिली. आम्ही तिला घेऊन गेलो, दोन तास बाकावर बसलो. विचारणारे साहेब वागायला वाईट नव्हते, दहा मिनिटांत झालं. पण तेव्हापासून रस्त्यावर काही झालं की ती खिडकी लावून घेते.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो शब्द साधा असता, 'आपण पाहिलेल्या अपघाताची माहिती देण्यासाठी' असं लिहिलं असतं, तर ती निर्धास्तपणे गेली असती. ती मदत करणारी बाई आहे.

वकील_सिव्हिललाइन्स

संध्याताई, वाचून वाईट वाटलं. हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितो : साक्षीदार म्हणून विचारायचं असेल तर कुठल्याही स्त्रीला ती राहते त्या जागेखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. हेच १५ वर्षांखालच्या मुलांना, ६० वर्षांवरच्या पुरुषांना, अपंग व्यक्तीला आणि गंभीर आजारी माणसाला लागू आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. त्यांची स्वतःची तयारी असेल तर त्या ठाण्यात जाऊ शकतात, पण सक्ती नाही. तुमच्या आईंना घरी येऊन विचारायला हवं होतं.

सक्करदरा_संध्या

हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. आईला सांगते. धन्यवाद.

जुनी_वही

संध्याताईंच्या आईंसाठी मनापासून वाईट वाटलं. त्यांना जे झालं ते 'चौकशी' या शब्दाच्या रुंदीमुळे झालं. आपण मुलीच्या स्थळाची चौकशी करतो, आजारी माणसाची करतो, रेल्वे स्टेशनवर चौकशीची खिडकी असते, कर्मचाऱ्याची विभागीय चौकशी लागते, आणि पेपरात संशयिताची 'कसून चौकशी' होते. माया, माहिती आणि संशय, तिघांना एकच शब्द. हिंदीतल्या पूछताछचंही तेच : स्टेशनच्या पाटीवरही पूछताछ आणि ठाण्यातही पूछताछ. आपलं नागपूर आधी मध्य प्रांताची आणि पुढे १९५६पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे दोन्ही शब्द आपल्या तोंडात सारखेच बसले आहेत.

इंग्रजीत निदान वेगवेगळे कप्पे आहेत. 'आस्क' हा त्यांचा घरचा शब्द. तो आणि आपला संस्कृत 'इच्छति' भाषाशास्त्रात एकाच मुळाचे मानतात : विचारणं म्हणजे काहीतरी हवं असणं. 'क्वेश्चन' लॅटिन 'क्वाएरेरे'पासून, म्हणजे शोधणं. त्यातूनच क्वेरी, इन्क्वायरी आणि बाबा ज्याला 'इन्क्वेस्ट पंचनामा' म्हणत असतील तो मृतदेहाचा इन्क्वेस्ट.

या क्वेश्चनचा इतिहास मात्र काळा आहे. रोमन कायद्यात त्याचा एक अर्थ छळ करून जबाब काढणं असा होता. फ्रान्समध्ये कोर्टाच्या हुकमानं होणाऱ्या छळाला सरळ 'ला केस्त्यों', म्हणजे 'प्रश्न', एवढंच म्हणत. सोळाव्या लुईनं त्याचा एक प्रकार १७८०मध्ये आणि दुसरा १७८८मध्ये बंद केला. म्हणजे आज आपल्याला जो शब्द शाळेच्या पेपरातला वाटतो तो एके काळी किंकाळीचा होता, आणि जो रोगारे मतदानाचा होता तो आज कोठडीत जाऊन बसला.

सोनेगाव_टॉवर

मला राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझी अख्खी नोकरी विमानवाहतूक नियंत्रणात गेली, त्यातली बरीच नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर. आमच्याकडे इंटरॉगेशन दर काही सेकंदांनी होतं आणि त्यात संशयाचा लवलेश नसतो.

साधं रडार म्हणजे आवाज देऊन प्रतिध्वनी ऐकणं. काहीतरी आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. म्हणून दुसरं रडार असतं, सेकंडरी. त्याच्या जमिनीवरच्या भागाचं नावच इंटरॉगेटर. तो १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न पाठवतो. विमानातला ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. प्रश्न ठरलेले : एकाचा अर्थ 'तू कोण?', दुसऱ्याचा 'किती उंचीवर?'. 'कोण'चं उत्तर चार आकडी असतं, प्रत्येक आकडा ० ते ७ यांपैकी, म्हणून एकूण ४०९६ कोड होतात. त्याला स्क्वॉक म्हणतात. ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडला, ७७०० म्हणजे संकट, ७५०० म्हणजे अपहरण.

याची सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली, आपलं विमान की शत्रूचं हे ओळखायला. तेव्हा संशय होता. आता मुंबईहून कोलकात्याला आणि दिल्लीहून दक्षिणेला जाणारी विमानं आपल्या डोक्यावरून रात्रभर जातात, आणि पडद्यावर प्रत्येक ठिपक्याशेजारी त्याचा कोड आणि उंची उमटत राहते. ज्यानं उत्तर दिलं तो सुरक्षित. उत्तर थांबलं की आमचा जीव वर-खाली. रात्रपाळीला एकदा एका विमानाचं उत्तर मिनिटभर येईना, तेव्हा हाताला सुटलेला घाम मला आजही आठवतो. ट्रान्सपाँडर बिघडला होता, विमान ठीक होतं.

ताई, बाबांना सांगा की त्यांचं मशीन त्या विमानासारखं आहे. डॉक्टर खालून विचारतात, "कोण? बॅटरी किती?" आणि ते छातीतून उत्तर देतं. उत्तर आलं याचा आनंद मानायचा.

माहेर_काटोल

काका, डोळ्यांत पाणी आलं. हे त्यांना आजच सांगते.

अंबाझरी_इंग्लिश

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. एक भर घालते. आमच्या क्षेत्रात हल्ली 'टेक्स्ट इंटरॉगेट करा', 'गृहीतकं इंटरॉगेट करा' असं सर्रास म्हणतात. तिथे अर्थ होतो, एखादी गोष्ट जशी दिली तशी न मानता तिला खोदून विचारणं. संगणकातही डेटाबेस इंटरॉगेट करतात. म्हणजे निर्जीव वस्तूशी हा शब्द बिनधास्त चालतो. माणसाशी लावला की अंगावर येतो. "माय मदर इंटरॉगेटेड मी" असं पोरं म्हणतात तेव्हा आई नुसती विचारत नव्हती, फैलावर घेत होती असा अर्थ होतो.

ब्रिटनमध्ये तर पोलिसांनीच १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्द मागे सारून 'इंटरव्ह्यू' धरला. नुसता शब्द बदलला नाही. कबुली काढण्यापेक्षा माहिती मिळवायची, समोरच्याला आधी मोकळेपणी सांगू द्यायचं, अशी प्रशिक्षणाची पद्धतच बदलली.

बर्डीवाला_८२

मग माझं उलटतपासणी मागे घेतो. 'यंत्र-चौकशी' कसं वाटतं?

सक्करदरा_संध्या

चौकशी नको. प्लीज.

अंबाझरी_इंग्लिश

'तपासणी' चालेल की. पेशंटला ओळखीचा शब्द आहे.

माहेर_काटोल

तपासणी मीही आधी लिहिलं होतं. पण तपासणीत डॉक्टर बघतो आणि वस्तू गप्प असते. इथे यंत्र उत्तर देतं. ते सुटतं.

रामटेक_टांगा

म्या बी येक सांगू का? सगळे शिकले-सवरलेले लोकं बोलून राहिले, पण आपल्या इकडचा शब्द कोणीच काढून नाही राहिलं.

पुसणं.

माही आजी कधी 'विचार' म्हणे नाही. "त्याले पुस, जेवला का?" "डाक्टरले पुसलं का?" "कोणाले पुसून गेला होता बे?" रस्ता पुसायचा, भाव पुसायचा, ख्यालीखुशाली पुसायची. पुण्या-मुंबईकडं पुसणं म्हणजे फडक्यानं पुसणं, एवढंच राह्यलं. आपल्याकडं अजून दोन्ही आहेत. मशीनले पुसलं, मशीननं सांगतलं. काय वाईट आहे?

जुनी_वही

टांगाभाऊ, उठून नमस्कार करतो तुम्हाला. हा शब्द गावंढळ समजून आम्हीच शाळेत लाल शाईनं खोडला, त्याची मला आज खंत आहे. संस्कृत 'पृच्छति', प्राकृत 'पुच्छइ', मराठी 'पुसणे', अशी ती सरळ वाट आहे. फडक्यानं पुसण्याचं मूळ वेगळं, ते 'प्रोञ्छति'. हिंदीनं 'पूछना' आणि 'पोंछना' वेगळे ठेवले, मराठीत दोन्ही एका रूपात आले. ज्ञानेश्वरीत पुसणं आहे. 'विचारपूस'मधला 'पूस' तोच. प्रश्न आणि पृच्छा त्याच घरचे, फारसीतलं 'पुर्सीदन' आणि जर्मनमधलं 'फ्रागेन' हे चुलत भाऊ. लॅटिनमध्ये याच मुळाचा जो शब्द आहे, 'प्रेकारी', त्याचा अर्थ प्रार्थना करणं.

आणि विचारणे हा शब्दही आपल्याकडे किती सुंदर आहे. संस्कृतात विचार म्हणजे मनात घोळवणं. मराठीनं त्याचंच दुसऱ्याला प्रश्न करणं केलं. आधी मनात, मग मुखात.

वकील_सिव्हिललाइन्स

कोर्टातही खेड्यातला साक्षीदार आजही म्हणतो, "मले पोलिसानं पुसलं तवा मी सांगतलं." आणि लिहिताना आपण लिहितो, 'चौकशीदरम्यान साक्षीदाराने निवेदन केले'. त्याचं वाक्य अधिक नेमकं असतं.

अंबाझरी_इंग्लिश

छापील पत्रकावर 'पुसणे' लिहिलं तर पश्चिम महाराष्ट्रातला पेशंट म्हणेल, मशीन पुसलं म्हणजे स्वच्छ केलं. ही अडचण खरी आहे.

माहेर_काटोल

हो, तीच अडचण. पत्रकासाठी मी आता असं केलं आहे : मथळा 'पेसमेकरची विचारपूस', आणि खाली एक ओळ, 'या तपासणीत बाहेरच्या यंत्रातून पेसमेकरला ठरावीक प्रश्न पाठवले जातात आणि तो बॅटरी, वायर व ठोक्यांची माहिती स्वतः कळवतो. यात दुखत नाही.' विचारपूस आपण आजारी माणसाचीच करतो, त्यामुळे शब्द दवाखान्यात परका वाटणार नाही. कंसात इंटरॉगेशन ठेवावंच लागेल, कारण रिपोर्टवर तेच छापलेलं असतं आणि लोक ते शोधतील. हरकत असेल तर सांगा.

सोनेगाव_टॉवर

पसंत आहे.

सक्करदरा_संध्या

मलाही. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "असं म्हणाले असते तर मी गेले असते."

रामटेक_टांगा

चालते. पूस तं राह्यलं त्याच्यात.

माहेर_काटोल

मंडळी, धागा वर आणते आहे. बाबांची पुढची तपासणी आज झाली. त्याच टेक्निशियन ताई होत्या. त्यांनी छातीवर यंत्र ठेवलं आणि बाबा जरा हलले, तशा त्या म्हणाल्या, "काका, दोन मिनिटं स्थिर बसा, इंटरॉगेट होतंय."

बाबांनी डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "पुसा त्याले काय पुसायचं ते. खरं सांगते तो."